शिरोलीत नवीन लागलेल्या पोराला

भावा, शिरोली एमआयडीसीत लागलास, झकास. मशीनवर हात बसेल हळूहळू. पण ड्रॉइंग हातात आलं की आधी कोपऱ्यातलं प्रोजेक्शनचं चिन्ह बघ, म्हणजे वस्तूची कुठली बाजू कागदावर कुठं काढलीय ते सांगणारी खूण. आपल्याकडं आणि जर्मनीत फर्स्ट अँगल चालतं, अमेरिकेत थर्ड अँगल. उजवीकडून दिसणारी बाजू अमेरिकावाले उजवीकडंच काढतात, आपण डावीकडं. मी नवा असताना हे न बघताच जॉब लावला. चाळीस नग, भोक भलत्याच बाजूला! सगळे भंगारात. माप इंचात असेल तर मिलिमीटर काढायला 25.4 नं गुण, अंदाजानं नको.

1991 नंतर बाजार उघडला, गिऱ्हाईक सातासमुद्रापार गेलं, तसं तोंडी सांगून भागेनासं झालं. मोजलंस तेच लिही. ऑडिटर आला की पहिलं रजिस्टर मागतो. जर्मनीचं घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागं, हिवाळ्यात साडेचार, म्हणून तिकडचा फोन आपल्या जेवणानंतर. इंग्रजीला लाजू नकोस, त्यांचंही बऱ्याचदा मोडकंच असतं. नाही कळलं तर परत विचार.

आणि हो, एक्स्पोर्टची घाई म्हणून थांबवलं, तर ओव्हरटाइम दुप्पट दरानं पगाराच्या चिठ्ठीवर चढलाय का बघत जा.