‘संघटना सुधारणा’ की कायद्यातला बदल?

प्रश्न असा आला आहे: ‘अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या २०११ च्या कायद्यामुळे शाळांच्या अंदाजपत्रकांवर काय परिणाम झाला, यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. मथळ्यात “सरकारी कर्मचारी संघटना सुधारणा” असं लिहिलं, पण ते खटकतं. दुसरं काय लिहावं?’

खटकलं ते योग्यच. ‘सुधारणे’ अकर्मकही आहे आणि सकर्मकही: पोरगा सुधारला, बाईंनी निबंध सुधारला. नामाला नुसतं ‘सुधारणा’ जोडलं की ते नामच आधी बिघडलेलं होतं आणि आता बरं झालं, असं कानाला वाटतं. ‘जमीन सुधारणा’ घ्या. शिरोळकडच्या शेतकऱ्याला विचारलंत तर तो क्षारपड रानात चर खणून पाण्याचा निचरा करण्याबद्दल बोलेल. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हाच शब्द कूळकायद्यासाठी येतो. तिथे माती होती तशीच राहिली, बदलला तो सातबारा. एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात, आणि संदर्भ नसेल तर वाचक पहिलीच धरतो.

विस्कॉन्सिनमध्ये संघटनांच्या आत काही सुधारलं नाही. बदलला तो त्यांच्याभोवतीचा कायदा. सरकारी कर्मचाऱ्यांना संघटनेमार्फत पगार आणि सेवाशर्तींवर वाटाघाटी करण्याचा हक्क देणारं हे पहिलं राज्य, १९५९ सालचं. गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी मार्च २०११ मध्ये सही केलेल्या ‘अ‍ॅक्ट १०’ने तो हक्क मूळ पगारापुरता आणला, आणि पगारवाढही महागाईच्या दरापर्यंतच, त्यापुढे जायचं तर सार्वमत. पगारातून संघटनेची वर्गणी कापणं बंद झालं. संघटनेची मान्यता टिकवायला दरवर्षी मतदान, तेही गटातल्या एकूण कर्मचाऱ्यांच्या ५१ टक्के मतांनी. मतदानाला न आलेला माणूस विरोधात धरला जातो. पोलीस आणि अग्निशमन दलाला यातून वगळलं होतं. याला ‘सुधारणा’ म्हणणं हा कायद्याच्या समर्थकांचा शब्द झाला. तुमच्या लेखकाचं मत तेच असेल तर खुशाल ठेवा, पण तो शब्द त्याच्या तोंडी असू द्या.

कोणी म्हणेल, आपल्या विधिमंडळाच्या भाषेत ‘(सुधारणा) अधिनियम’ म्हणजे केवळ दुरुस्ती, बरी की वाईट हे त्यात नसतं. खरं आहे. पण तिथे सुधारणा अधिनियमाची असते, माणसांच्या संघटनेची नव्हे.

मी मथळ्यात ‘कर्मचारी संघटनांच्या वाटाघाटी हक्कांवर मर्यादा’ असं लिहीन. जाता जाता, ‘कलेक्टिव्ह बार्गेनिंग’साठी ‘सामूहिक सौदेबाजी’ टाळा. हिंदीत ती चालते; मराठीत ‘बाजी’ लागली की गटबाजी, दगाबाजी आठवते. त्याऐवजी ‘सामुदायिक वाटाघाटी’ वापरा.

आता अंदाजपत्रक. तुमच्या मसुद्यात ‘शाळांची बचत झाली’ असं वाक्य आहे. या शब्दाकडे मी तुमचं लक्ष आवर्जून वेधते. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात राज्याने शाळांची मदत दोन वर्षांसाठी सुमारे पाऊण अब्ज डॉलरने घटवली आणि स्थानिक करासह शाळेला मिळू शकणाऱ्या उत्पन्नाची कमाल मर्यादाही खाली आणली. ही तूट भरायला ‘अ‍ॅक्ट १०’ने शाळांच्या हाती जे दिलं ते कर्मचाऱ्यांच्या पगारातलं: निवृत्तिवेतनाच्या अंशदानातला निम्मा वाटा आता कर्मचाऱ्याने भरायचा, म्हणजे तेव्हा पगाराच्या ५.८ टक्के. वर्षाला ५०,००० डॉलर मिळवणाऱ्या शिक्षिकेच्या पगारातून त्यापायी २,९०० डॉलर गेले. आरोग्य विम्याचा हप्ता वेगळाच. शाळेच्या खात्यावर ही ‘बचत’ आणि त्या शिक्षिकेच्या पगारपत्रकावर ‘कपात’. रक्कम तीच.

‘अंशदान’ हा शब्द महाराष्ट्रातल्या शिक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेले बहुतेक जण तो आपल्या पगारपत्रकात वाचतात, आणि जुन्या पेन्शनसाठी झालेल्या मार्च २०२३ च्या संपाच्या मुळाशीही हेच होतं. म्हणून ते वाक्य असं लिहा: ‘राज्याने मदत घटवली आणि ती तूट शाळांनी बऱ्याच अंशी कर्मचाऱ्यांच्या वाढीव अंशदानातून भरून काढली.’