गाडी २०३२ पर्यंत वापरायचीय, मग गिअरबॉक्स ऑइलवर १६,५०० घालावेत का?

प्रश्न: नाशिकमध्ये माझं हार्डवेअरचं दुकान आहे. २०१७ची इनोव्हा क्रिस्टा आहे, २.८ डिझेल ऑटोमॅटिक, १,१२,००० किलोमीटर झालीय. महिन्यातून दोन-तीनदा कसारा घाट उतरून भिवंडीला जाणं-येणं होतं. गाडी निदान २०३२ पर्यंत वापरायचीय. गिअरबॉक्सचं ऑइल एकदाही बदललेलं नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, लाइफटाइम आहे, हात लावू नका. ओळखीचा गॅरेजवाला सगळ्या ऑटोमॅटिकला चालणारं ऑइल ५५० रुपये लिटरनं टाकून देतो म्हणतो. कंपनीचं ऑइल १,१०० रुपये लिटर आहे. आणखी एके ठिकाणी मशीन लावून कंपनीच्या ऑइलनं सगळंच बदलायचे १६,५०० सांगितले. बायकोचं म्हणणं, गाडी नीट चालतेय तर तेच पैसे म्युच्युअल फंडात टाका. उद्या गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली तर १,८०,००० पर्यंत जातील असं ऐकतो. काय करावं?

उत्तर: ऑइल बदला, कंपनीच्या स्पेसिफिकेशनचंच घाला, पण १६,५०० एका दमात देऊ नका.

आधी वहिनींच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो वाटतो तितका हलका नाही. १६,५०० आज गुंतवले आणि वर्षाला १२ टक्के मिळाले असं धरलं, तर सहा वर्षांत साधारण ३२,५०० होतात. तुम्ही गाडी येत्या वर्ष-दीड वर्षात विकणार असतात तर मी डोळे मिटून त्यांच्या बाजूनं मत दिलं असतं. पुढच्या मालकाच्या गिअरबॉक्ससाठी आपण कशाला खर्च करायचा? पण तुम्हाला अजून सहा वर्षं ती चालवायचीय, म्हणजे बिघाड झाला तर तो तुमच्याच खिशातून जाणार. आणि इथे विमा कामाला येत नाही. मोटार पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलं असलं तरी ते प्रामुख्यानं पाणी शिरून किंवा ऑइल गळून झालेल्या नुकसानीसाठी असतं. ऑइल जुनं होऊन क्लच प्लेटा जळाल्या, तर ती झीजच.

मग १,८०,००० विरुद्ध १६,५००. भागाकार केला तर सुमारे ९ टक्के येतात. म्हणजे ऑइल बदलल्यानं सहा वर्षांतल्या मोठ्या बिघाडाची शक्यता शंभरात दहानं जरी उतरली, तरी पैसे वसूल. ज्या गाडीचं ऑइल १,१२,००० किलोमीटर घाटात तापलंय, तिच्यासाठी ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

‘लाइफटाइम’बद्दल थोडं. झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः गिअरबॉक्स बनवते. तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये कायमचं म्हणून लिहिलेलं असतं, आणि झेडएफ मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ते बदला म्हणून सांगते. तुमचा गिअरबॉक्स झेडएफचा नाही, पण टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग), क्लच आणि उष्णता यांचं गणित तेच आहे. घाटात ट्रकच्या मागे रांगत चढताना टॉर्क कन्व्हर्टर लॉक होत नाही, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जात नाहीत, आतल्या आत ऑइल घुसळून तापतं. तापलेल्या ऑइलमधली घर्षण सांभाळणारी रसायनं हळूहळू संपतात, रंग लालवरून तपकिरी होतो.

आता ५५० की १,१००. तुमच्या गाडीला टोयोटाचं डब्ल्यूएस लागतं. ते मुद्दाम पातळ ठेवलेलं ऑइल आहे. त्याच्या आधीचं टी-फोर हेही टोयोटाचंच, पण ही दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. एकाच कंपनीच्या दोन ऑइलची ही गत, तर ‘सगळ्यांना चालणारं’ म्हणजे काय ते समजून घ्या. बाटलीच्या मागे ‘डब्ल्यूएससाठी योग्य’ असं लिहिलेलं असतं, तो विकणाऱ्याचा दावा असतो, गाडी बनवणाऱ्याची मंजुरी नव्हे. यातली काही ऑइलं चांगलीही असतील. पण फरक किती आहे ते बघा: एकूण १२ लिटर लागलं तर ६,६०० रुपये. ते ६०,००० किलोमीटरवर पसरले तर किलोमीटरला ११ पैसे. ११ चं अॅव्हरेज आणि ९० रुपयांचं डिझेल धरलं तर तुम्ही किलोमीटरला आठ रुपयांचं डिझेल जाळता. त्यात ११ पैसे वाचवायला १,८०,०००च्या वस्तूवर प्रयोग कशाला? ऑइल डीलरच्या पार्ट्स काउंटरवरून सीलबंद घ्या, बिल घ्या. नकली ऑइलचा धोका उघड्या बाजारात जास्त. (बिलावरून आठवलं: गाडी धंद्यात दाखवली असली तरी सर्व्हिसिंग-दुरुस्तीवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट एवढ्या सीटच्या गाडीला मिळत नाही. सीएना त्यासाठी फोन करू नका.)

मशीनवाल्यांशी माझं भांडण ऑइलवरून नाही, क्रमावरून आहे. अशा कामात बऱ्याचदा खालचा पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइल साठवणारं झाकण, उघडतच नाहीत. गिअरबॉक्स आतून कसा आहे हे बघण्याआधीच तुमचे सगळे पैसे गेलेले असतात. त्याऐवजी साधा ड्रेन करून, म्हणजे आपसूक वाहील तेवढंच ऑइल काढून, नवं भरायला सांगा. यात सगळं ऑइल निघत नाही, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरंच उरतं. एका वेळी ४० टक्के बदललं असं धरू. दुसऱ्यांदा केलं की ६४ टक्के नवं, तिसऱ्यांदा ७८ टक्के. दर वेळी ४ लिटरचे ४,४०० आणि मजुरी १,२०० धरली तर ५,६००, तीन वेळचे १६,८००. मशीनपेक्षा तीनशे जास्तच, आणि ऑइलही शंभर टक्के नवं नाही. तरीही मी हेच सुचवतो, कारण पहिल्या ५,६०० नंतर थांबायची मुभा तुमच्या हातात राहते. एसआयपी आणि एकरकमी गुंतवणुकीत जो फरक, तोच इथे.

पहिल्या वेळी पॅन उघडायला लावा आणि स्वतः समोर उभे राहा. पॅनच्या तळाला लोहचुंबक असतात. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ गाळ दिसला तर ती नेहमीची झीज. बोटांना टोचणारे धातूचे तुकडे किंवा चकचकीत कपच्या दिसल्या तर गोष्ट वेगळी. ऑइल गाळणारी जाळी आणि पॅनचं गॅस्केट तेव्हाच नवीन टाका, त्याचा खर्च वेगळा विचारून घ्या. ऑइल भरल्यावर लेव्हल बघायला या गाडीत डिपस्टिक नसते. गाडी सपाट उभी करून, इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला आल्यावर लेव्हलच्या प्लगमधून बघतात. तापमान वाचायला स्कॅनर लागतो. ज्या गॅरेजकडे स्कॅनर नाही, तिथे मजुरी चारशे रुपयांनी कमी असली तरी जाऊ नका. मजुरीचे पैसे या शेवटच्या दहा मिनिटांसाठीच तर असतात.

आणि एक समज. ‘जुन्या गाडीचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. बहुतेक वेळा होतं असं की गिअर स्लिप व्हायला लागल्यावरच लोकांना ऑइल आठवतं. गिअरबॉक्स तोवर गेलेलाच असतो, आळ ऑइलवर येतो. तुमच्या गाडीत पी-मधून डी-मध्ये टाकल्यावर उशीर लागतोय, झटका बसतोय, चढावर आरपीएम वाढून वेग वाढत नाहीये, असं काही असेल तर आधी तपासणी, ऑइल नंतर. पत्रात तसं काही नाही, म्हणून मी नाही असं धरलंय.

२०३२चं काय? तेव्हा नोंदणीची १५ वर्षं पूर्ण होतील. पुढे पाच वर्षं वाढवायला तपासणी, ५,००० रुपये फी आणि पर्यावरण कर. दिल्लीच्या दहा वर्षांच्या डिझेल नियमाची बातमी वाचून घाबरू नका, तो नियम महाराष्ट्रात नाही. पण डिझेलबद्दलची धोरणं बदलतात, म्हणून २०३२च्या पुढचा हिशेब आज मांडू नका.

वहिनींच्या सूचनेचा अर्धा भाग मी उचलतोच. महिन्याला २,५०० रुपयांचं आरडी सुरू करा, फक्त गाडीसाठी. इक्विटी फंडात नको, गिअरबॉक्स बाजार वर असताना बिघडेल असं कुठे लिहिलंय? पाच वर्षांत मुद्दल १,५०,००० आणि वर व्याज. टायर, बॅटरी, सस्पेन्शन यातूनच जाईल.

येत्या सर्व्हिसला पहिला ड्रेन, मग प्रत्येकी १०,००० किलोमीटरवर दुसरा आणि तिसरा, त्यानंतर दर ४०,०००ला एकदा. बिलावर किलोमीटर लिहून घ्या, विकताना उपयोगी पडतं. आणि पहिल्याच वेळी चुंबकावर कपच्या निघाल्या, तर उरलेले दोन ड्रेन रद्द. ते ११,२०० रुपये आरडीशेजारी ठेवा आणि गिअरबॉक्स दुरुस्तीचे कोटेशन दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून लेखी मागवा.