व्हिडिओत सगळं कळतं, मग हाताला का येत नाही?

"मॅडम, व्हिडिओ बघताना सगळं कळतं. ड्रमच्या काड्या हातात घेतल्या की काही म्हणता काही येत नाही. वय झालं म्हणायचं का?"

हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याच रूपांत येतो. कोणी गिटारबद्दल विचारतं, कोणी इंग्रजी बोलण्याबद्दल, एका ताईंनी केकवरच्या आयसिंगबद्दलही विचारला होता. आज सांगते आहे ती हकिकत ड्रम्सची. ज्यांची आहे त्यांनी लिहायला होकार दिला आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

गृहस्थ पंचेचाळिशी ओलांडलेले, राहायला नाशिकच्या इंदिरानगरला, नोकरी अंबडच्या एका कंपनीत, क्वालिटी विभागात. माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते झोप लागत नाही, घरात चिडचिड होते म्हणून. ड्रम्सचा विषय नंतर निघाला, तोही ओशाळत. वर्षभरापूर्वी त्यांनी इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घेतलं होतं. रेकॉर्ड केलेल्या धड्यांचा एक ऑनलाइन कोर्स विकत घेतला होता, शिवाय यूट्यूब होतंच. रोजचा क्रम ठरलेला. जेवण झालं की हेडफोन लावून बसायचं, थोडं वाजवायचं, जमलं नाही की वैतागून काड्या ठेवायच्या आणि मग आडवं पडून मोबाइलवर दुसऱ्यांचं वाजवणं बघत रात्रीचा एक वाजवायचा. त्यात आठ-नऊ वर्षांची पोरं हसत हसत वाजवताना दिसली की स्वतःच्या वयाचा हिशोब सुरू.

याआधी कधी काही वाजवलंय का, असं मी विचारलं तेव्हा पहिल्यांदा चेहरा खुलला. लहानपण जुन्या नाशकातलं. कॉलेजात असताना पथकात ताशा वाजवायचे. वाकडी बारवेपासून निघणाऱ्या विसर्जन मिरवणुकीत खांदा सोलून निघेपर्यंत वाजवलेलं. नाशिक ढोलाचं कौतुक सगळ्यांना असतं, ताशेवाल्याला कोण विचारतो, अशी जुनी तक्रारही त्यांनी करून घेतली. मग म्हणाले, "तेव्हा कोणी शिकवलंच नाही हो. उभा राहिलो आणि यायला लागलं."

मला हे पटलं नाही, आणि मी तसं म्हटलं. पथकात शिकवणारे ढिगाने असतात, फक्त त्यांच्या गळ्यात मास्तराची पाटी नसते. डावीकडचा ताशेवाला ऐकत असतो, मागचे ढोल ऐकत असतात. तुमची लय जरा पुढे पळाली की पुढे उभा असलेला हाताने दाबून खाली आणतो. एकच ठेका संध्याकाळभर घोटावा लागतो. कंटाळा आला म्हणून पुढच्या धड्यावर उडी मारता येत नाही आणि चुकलं म्हणून मध्येच थांबवताही येत नाही. रेकॉर्ड केलेल्या कोर्समध्ये हे सगळं तुमच्या बोटावर असतं. थांबवा, मागे न्या, सोडून द्या, दुसरा शिक्षक लावा. पडद्यावरचा माणूस कितीही उत्तम असो, तुम्ही काय वाजवलंत हे त्याला कधीच ऐकू येत नाही.

दुसरी अडचण त्यांच्या हातांची होती, म्हणजे हात चांगले होते हीच. ताशाला दोन हात लागतात. ड्रम किटवरचा अगदी पहिला रॉक बीट घ्या: उजव्या हाताने हाय-हॅटवर (एकावर एक बसवलेल्या दोन झांजा) सारखे आठ ठोके, डाव्या हाताने स्नेअरवर (समोरचा छोटा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला, उजव्या पायाने बास ड्रमवर पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला. यांचा हात जुना, कसलेला. पाय मात्र पहिलीतला विद्यार्थी. हाताला झेपेल त्या वेगाने सुरुवात करायचे, पाय फरफटत यायचा आणि सगळा दोष वयाला. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) साठवर, म्हणजे मिनिटाला साठ ठोक्यांवर, ठेवा असं कोर्समध्ये सांगितलेलं होतं. साठवर वाजवायची त्यांना लाज वाटायची. खोलीत दुसरं कोणी नसतानाही!

मी एक साधं काम दिलं. वहीत दोन रकाने करायचे: आज किती वेळ पाहिलं आणि किती वेळ वाजवलं. सुधारणा काही करायची नाही, फक्त लिहायचं. पुढच्या वेळी वही टेबलावर ठेवताना त्यांनी काही बोलायची गरजच नव्हती. पाहण्याच्या रकान्यात तास होते, वाजवण्याच्या रकान्यात मिनिटं.

यात ते एकटे नाहीत. शिकागो विद्यापीठातल्या मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी २०१८ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. भांडी न पाडता टेबलावरचा कपडा झटक्यात ओढणं, मूनवॉक, अशा गोष्टींचे व्हिडिओ लोकांना दाखवले. काहींनी एकदाच पाहिले, काहींनी वीस वेळा. वीस वेळा पाहणाऱ्यांना आपल्याला हे जमेल असं जास्त वाटू लागलं. मूनवॉकसारख्या गोष्टी प्रत्यक्ष करायला लावल्यावर त्यांचं कौशल्य मात्र वाढलेलं नव्हतं. म्हणजे रात्री एकपर्यंत पाहिल्याने यांचा हात तिथेच राहत होता आणि अपेक्षा तेवढी रोज चढत होती. चिडचिड तिथून येत होती.

हे ऐकून ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आमच्याकडे ऑपरेटरने बनवलेला पार्ट तोच फायनल पास करत नाही. मी वर्षभर तेच करतोय." मी इतकं नेमकं सांगू शकले नसते.

मग प्रश्न आला, तपासणार कोण? इथे एक गोष्ट पुढे आली जी नवरा-बायको दोघांनाही माहीत नव्हती. इलेक्ट्रॉनिक किटचा आवाज हेडफोनमध्ये. बाहेरच्याला ऐकू येते ती रबरी पॅडवरची कोरडी टकटक आणि पेडलची धपधप. वर्षभर हा माणूस आतून पूर्ण संगीत ऐकत होता आणि त्यांच्या पत्नी बाहेरून नुसती टकटक. "काय ते कुटत बसतात," असं त्या म्हणायच्या, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं. त्या भजनी मंडळात टाळ धरतात. मी सुचवलं की एक दिवस आवाज स्पीकरवर घ्या आणि त्यांना शेजारी बसवा, कौतुकासाठी नको, ऐकण्यासाठी. त्यांनी दोन-तीन आवर्तनं ऐकली आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही शेवटाकडे आलात की पळता." ही चूक त्यांना वर्षभरात कोणत्याही व्हिडिओने सांगितली नव्हती. पुढच्या भेटीत त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा थोडा राग होता, बराचसा आनंद होता.

पत्नीला कायमची परीक्षक करणं मला बरं वाटत नाही, त्यातून वेगळी भांडणं निघतात. म्हणून पुढे त्यांनी पंधरा दिवसांतून एकदा व्हिडिओ कॉलवर प्रत्यक्ष शिकवणारे शिक्षक शोधले. रेकॉर्ड केलेला कोर्स आणि समोरासमोरचा ऑनलाइन तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फी भरण्याआधी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. यातल्या खाचाखोचा मला त्यांच्याकडूनच कळल्या. झूमसारखी ॲप्स माणसाचा आवाज राखण्यासाठी बाकीचा गोंगाट कापतात, आणि ड्रमचा ठोका त्यांच्या लेखी गोंगाटच. 'ओरिजिनल साउंड'ची सोय चालू केली नाही तर शिक्षकाला अर्धे ठोके पोचतच नाहीत. आवाज पोचायला थोडा उशीर लागतो, त्यामुळे कॉलवर दोघांनी एकत्र वाजवता येत नाही. एकाने वाजवायचं, मग दुसऱ्याने. आणि कॅमेरा पायाकडेही हवा. सगळे चेहरा दाखवतात आणि घोळ असतो पेडलवर.

झोपेचं काम त्यामानाने सोपं होतं. हातापायांनी शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा वाटा असतो. २००२ साली मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी लोकांना बोटांनी आकड्यांचा एक ठरावीक क्रम टाइप करायला शिकवलं. रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये काही सराव न करता, त्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला आढळला. हे सांगितल्यावर मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवायला ते तयार झाले. नुसतं "लवकर झोपा" तर घरचेही सांगत होते. वाजवण्याची वेळही जेवणाआधी आणली. त्याला खालच्या मजल्यावरच्या काकांचा हातभार लागला: हेडफोन असले तरी पेडलचा दणका स्लॅबमधून खाली जातो. जाड रबरी मॅट घातल्यावर तो कमी झाला, पूर्ण गेला नाही. नऊनंतर वाजवायचं नाही, असा तह झाला आहे.

वाचणाऱ्यांपैकी कोणाची अशी स्थिती असेल तर एक फरक तपासा. चिडचिड त्या एका छंदापुरती आहे, की जेवण, काम, माणसं, सगळ्यातलीच गोडी गेली आहे? दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, तर विषय ड्रम्सचा नाही. मग कोर्स बदलत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. या गृहस्थांना मी हे पहिल्याच भेटीत विचारलं होतं. कामात मन होतं, मित्रांमध्ये जात होते, मुलीशी बोलताना रंगत होते. म्हणून आम्ही वहीपासून सुरुवात करू शकलो.

आणि वय? चाळिशीनंतर नवी हालचाल बसायला विशीपेक्षा वेळ जास्त लागू शकतो, हे मी नाकारत नाही. पण साठच्या टेम्पोवर महिनाभर वाजवून न पाहता वयाला दोष देणं मला घाईचं वाटतं. त्यांच्या पायाला तो पहिला बीट आता येतो. शेवटाकडे अजून थोडं पळतात, असं घरून कळतं.

आमच्या भेटी थांबल्या आहेत. परवा त्यांचा मेसेज आला: शफल (झुलत्या चालीचा एक ठेका) वाजवताना डाव्या पायाने हाय-हॅट धरून ठेवला की उजवा हात अडखळतो, काय करू? हे शिक्षकांना विचारा, असं मी कळवलं.