जुन्या जीपची हरवलेली ताकद

प्रश्न : माझी महिंद्रा एमएम ५४० प्युजो डिझेल इंजिनाची आहे. पसरणी घाटात तिसऱ्या गिअरवर ओढत नाही, मागे काळा धूर निघतो. मिस्त्री म्हणतात, डिझेल पंप वाढवून देतो, म्हणजे इंजिनाला जास्त डिझेल मिळेल. करून घेऊ का? (वाई)

उत्तर : आत्ता नका करू. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाहीये. एक तर हवा कमी पडतेय, नाहीतर नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल सोडणारी तोटी, नीट फवारत नाही. अशात पंप वाढवला तर धूर वाढेल आणि पिस्टन, हेड तापतील.

सुरुवात एअर फिल्टरपासून करा, कारण त्याला जवळजवळ खर्च नाही. तुमच्या गाडीला ऑइल बाथ (तेलात धूळ अडकवणारा) फिल्टर असेल तर तळाचं तेल बघा. चिखलासारखं झालं असेल तर ओतून टाका, जाळी डिझेलने धुऊन वाळवा आणि नवं तेल खुणेपर्यंतच भरा. खुणेच्या वर गेलं तर इंजिन ते तेल ओढून घेतं. मग डिझेल फिल्टर बदला आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून घ्या.

यानंतर चारही नोझल काढून पंपाच्या दुकानात टेस्टरवर लावा. फवारा धुक्यासारखा बारीक हवा. एक जरी नोझल टपकत असेल तरी धूर आणि खडखड दोन्ही तिथूनच येऊ शकतात. मी माझ्या गाड्यांवर सगळ्यात आधी पैसे इथेच खर्च करतो, आणि फरक पहिल्याच चढावर कळतो. नोझल झाल्यावर पंपाचं टायमिंग, म्हणजे डिझेल सोडण्याची वेळ, तपासा. ते मागे गेलं, म्हणजे डिझेल उशिरा सुटत असेल तर इंजिन मंद वाटतं आणि थंडीत पांढरा धूर सोडतं.

इतकं करूनही दम आला नाही तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. पेट्रोल इंजिनात दाब कमी दिसला की सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतात; दाब वाढला तर दोष रिंगचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा. डिझेलवर ही युक्ती करू नका. तिथे पिस्टनच्या वरची जागा इतकी कमी असते की तेल जाताच दाब खोटा वाढतो, आणि तेल जास्त झालं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

एक गोष्ट मात्र मनाला लावून घेऊ नका. हे २,११२ सीसीचं इंजिन नवं असतानाही सुमारे ६२ अश्वशक्तीचंच होतं. टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) नसलेलं इंजिन दर १०० मीटर उंचीला साधारण एक टक्का ताकद गमावतं, कारण वर हवा विरळ होते. पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर आहे. म्हणजे ठणठणीत इंजिनही तिथे समुद्रकाठच्या तुलनेत बारा-तेरा टक्के कमी ओढणार. त्या घाटात दुसरा गिअर टाकावा लागणं हा बिघाड नाही.

प्रश्न : मारुती जिप्सी किंग, १३०० सीसी, कार्बोरेटरची. २३५/७५ आर १५ टायर टाकल्यापासून पाचवा गिअर घेतच नाही. फ्री-फ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर लावला तर पिकअप येईल? (कोल्हापूर)

उत्तर : नुसता आवाज येईल. तुमचा पिकअप टायरने खाल्ला आहे. मूळ २०५/७० आर १५ टायरची उंची साधारण ६६८ मिलिमीटर असते, २३५/७५ ची ७३४. म्हणजे सगळे गिअर एका फटक्यात जवळपास दहा टक्के लांब झाले, शिवाय चाकं जड झाली. स्पीडोमीटरही आता खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवत असेल. ६० अश्वशक्तीच्या इंजिनाला हे फार होतं.

स्वस्त उपाय म्हणजे मूळ मापाकडे परत या. चिखलासाठी थोडी उंची हवीच असेल तर २१५/७५ वर थांबा. तो मूळ टायरपेक्षा पाचच टक्के उंच आहे. मोठेच टायर ठेवायचे असतील तर क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली दातेरी चाकं) बदलून गिअरिंग आखूड करावं लागेल, तेही पुढे आणि मागे एकाच रेशोचं. रेशो वेगळे ठेवून फोर बाय फोर लावलंत तर कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आणि ॲक्सल दोन्ही भरडले जातील.

त्याआधी दोन बिनपैशाच्या तपासण्या करा. इंजिन बंद ठेवून कुणाला तरी ॲक्सलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि बॉनेट उघडून कार्बोरेटरचा थ्रॉटल पुरता उघडतोय का ते बघा. केबल ताणली गेलेली असली की तो अर्ध्यावरच थांबतो. दुसरं, गाडी थोडी चालवून आणा, सपाटीवर न्यूट्रलमध्ये ढकला. जड जात असेल किंवा एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर ब्रेक धरतोय. टायमिंग बेल्ट नुकताच बदलला असेल तर तो एक दात चुकलेला नाही ना, हेही बघून घ्या. एका दातानेही ताकद जाते.

प्रश्न : डीआय (थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या) इंजिनाच्या जुन्या महिंद्रा मेजरला भंगारातला टर्बो लावावा का? (चिपळूण)

उत्तर : नको. टर्बो म्हणजे तेलाची येणारी-जाणारी लाइन, वेगळा मॅनिफोल्ड (धूर टर्बोपर्यंत नेणारा पाइप), पंपाचं नवं सेटिंग आणि जास्त उष्णता पेलणारी कूलिंग. शिवाय भंगारातल्या टर्बोचं बेअरिंग किती झिजलंय, बाहेरून समजत नाही. त्या पैशात रेडिएटर खोलून साफ होईल, नोझल-पंप होईल आणि घसरणारी क्लच प्लेटही बदलता येईल. क्लच घसरत असेल तर इंजिन नुसतं गरगरतं आणि माणूस इंजिनाला दोष देतो.

प्रश्न : सरळ दुसरं मोठं इंजिन बसवलं तर? (नाशिक)

उत्तर : इंजिन नंबर आरसी बुकात असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. नोंद न केलेल्या इंजिनावर विम्याचा दावा अडकू शकतो, गाडी विकतानाही अडचण येते. मूळ जातीचंच इंजिन बोअर करून, नवे पिस्टन-रिंग टाकून आणि हेडचे व्हॉल्व्ह बसवून घ्या. इंजिन बदलणं अटळच असेल तर विकत घेण्याआधी आरटीओत जाऊन परवानगीचं लेखी विचारा आणि विकत घेताय त्या जुन्या इंजिनाची खरेदी पावती व मूळ मालकाची कागदपत्रं हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.