पिवळा ऊस, हिराकस आणि चिलेटची पिशवी

प्रश्न : उसाच्या खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या पिकात) केवडा पडला आहे, म्हणजे पाने पिवळी पडली आहेत. ही लोहाचीच कमतरता का?

उत्तर : कोवळी पाने पिवळी-पांढरी आणि शिरा हिरव्या असतील, तर बहुधा होय. आधी जुनी पाने पिवळी पडत असतील, तर नत्राकडे पाहावे. पानाचा नमुना तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय खर्च करू नये.

प्रश्न : लिंबाच्या बुंध्याशी गंजके खिळे पुरावेत असे ऐकले आहे.

उत्तर : ऐकले असेल, पण गंज हा पाण्यात न विरघळणारा फेरिक ऑक्साइड असून तसल्या लोहाची जमिनीत मुळीच वानवा नाही.

प्रश्न : हिराकसात १९ टक्के लोह असते, ईडीटीए चिलेटमध्ये १२ टक्के आणि त्याहून महाग ईडीडीएचए चिलेटमध्ये अवघे ६ टक्के. मग महागाचे कशाला? आमच्या चुनखडीच्या जमिनीचा सामू (पीएच) ८.२ आहे.

उत्तर : पिशवीवरचा टक्का पाहून खत घेण्याची ही सवयच विक्रेत्यांच्या पथ्यावर पडते. सामू एका अंकाने वाढला की फेरिक, म्हणजे गंजातल्या रूपातील, लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. म्हणून चुनखडीच्या जमिनीत नुसता हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, टाकला तर त्यातील फेरस लोहाचे हवेच्या संपर्काने फेरिक हायड्रॉक्साइड होते आणि ते मुळांना मिळत नाही. चिलेट म्हणजे लोहाला धरून ठेवणारा सेंद्रिय रेणू. पण ईडीटीएची ही पकड सामू साडेसहाच्या पुढे सैल होते आणि लोहाची जागा कॅल्शियम घेते. तरीही तेच चिलेट चुनखडीच्या रानात जमिनीतून द्यायला सांगितले जाते, याचा मला दरवर्षी संताप येतो. ते फवारणीसाठी ठीक आहे. जमिनीतून द्यायचे तर सामू नऊपर्यंतही टिकणारे ईडीडीएचए घ्यावे, आणि पिशवीवर त्यातील ‘ऑर्थो-ऑर्थो’ प्रमाण, म्हणजे लोहाला घट्ट धरणाऱ्या प्रकाराचा वाटा, छापलेले आहे का ते पाहावे. ते परवडत नसेल, तर हिराकस चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, आठवडाभर ओलसर ठेवून सरीत द्यावा. मात्र पाणी साचू दिले, तर जमिनीत बायकार्बोनेट वाढून केवडा परततो. वाफसा, म्हणजे जमिनीत ओल आणि हवा यांचा मेळ, राखणे हा निम्मा उपचार आहे. माती परीक्षणात डीटीपीए पद्धतीने (पिकाला मिळू शकणारे लोह मोजण्याची पद्धत) लोह ४.५ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ४.५ भाग) कमी आले, तरच मात्रा ठरवावी, तीही कृषी विज्ञान केंद्राला विचारून.

प्रश्न : हिरवा हिराकस पोत्यात तपकिरी झाला. फवारावा का?

उत्तर : नको, त्याचे ऑक्सिडीकरण झाले आहे.

प्रश्न : हिराकस आणि फॉस्फरिक आम्ल ठिबकच्या एकाच टाकीत चालेल का?

उत्तर : नाही. लोह फॉस्फेटचा साका बसून ड्रिपर तुंबतील. आधीच मिसळले असेल, तर लॅटरल (ड्रिपर असलेल्या नळ्या) धुण्यासाठी आम्ल स्वतःच्या अंदाजाने सोडू नये. ठिबक बसवणाऱ्या तंत्रज्ञाला आजच बोलवावे.