कोल्हापूरला येणारं विमान चुकून बेळगावला उतरू शकतं का?

उजळाईवाडी (कोल्हापूरचा विमानतळ) आणि सांबरा (बेळगावचा) यांच्यात सरळ रेषेत पंच्याण्णवेक किलोमीटरचं अंतर आहे. हा घोटाळा इथं व्हायचा नाही, निर्धास्त तिकीट काढा. पण प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय, की एवढा जीपीएस असताना पायलट भलत्याच विमानतळावर उतरतो म्हणजे तो झोपेत नाहीतर पिऊन असणार, ते साफ चूक आहे. असं वाट चुकलेलं विमान मी समोरून येताना बघितलंय, म्हणून लिहायला बसलो.

मी हवाई दलात एअरमन होतो. घर कोल्हापूरचं, ट्रेनिंग सांबऱ्यालाच झालं. ऐंशीच्या दशकात दक्षिणेतल्या एका तळावर माझी ड्युटी धावपट्टीच्या तोंडाशी, लाल-पांढऱ्या चौकटींच्या केबिनमध्ये असायची. उतरणाऱ्या विमानाची चाकं खाली आलीत का ते दुर्बिणीतून बघायचं. आली नसतील तर व्हेरी पिस्तुलातून, म्हणजे इशाऱ्याचा रंगीत उजेड आकाशात सोडणाऱ्या पिस्तुलातून, लाल बार काढायचा, तो दिसला की पायलट न उतरता वर निघून जातो. बाकी टॉवरशी जोडलेला एक टेलिफोन, एक रेडिओ आणि काडतुसांचा डबा, एवढाच संसार.

आमच्यापासून थोड्याच अंतरावर त्या शहराचा नागरी विमानतळ होता. दोन्ही पट्ट्या जवळपास एकाच दिशेच्या. त्या सकाळी हवा धुरकट होती. आमचं फ्लाइंग सुरू व्हायला अवकाश होता आणि कडेचं गवत कापून झालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट पट्टी ओलांडत होता. रेडिओ चिडीचूप. आणि समोर धुरक्यात दोन दिवे.

दुर्बीण लावली. प्रवासी बोइंग! चाकं खाली, फ्लॅप खाली, लँडिंग लाइट चालू, नाक बरोबर आमच्या पट्टीच्या मधल्या रेषेवर. कशातही खोट काढता येणार नाही असं सुरेख येत होतं, फक्त चुकीच्या ठिकाणी. आमच्या रेडिओवर त्याचा आवाज नव्हता, कारण तो त्याच्या टॉवरशी बोलत होता.

मी टेलिफोनला हात लावला नाही. सरळ लाल बार काढला. विमान येतच राहिलं. पिस्तूल उघडून गरम नळकांडं नखानं ओढून काढलं, दुसरं काडतूस भरलं आणि परत बार काढला. तेव्हा कुठं नाक वर झालं, इंजिनं गरजली आणि ते डोक्यावरून निघून गेलं. ट्रॅक्टरवाला उडी टाकून गवतात पालथा पडला होता. चालतं इंजिन तसंच पट्टीवर धडधडत होतं.

मग टेलिफोन वाजला. ड्युटीवरच्या साहेबांचा पहिला प्रश्न काय असेल? "बार कुणाच्या हुकमानं काढलास?" दुसरा प्रश्न, "चाकं खाली होती ना? मग तुझं काम संपलं होतं." लेखी खुलासा द्यावा लागला. ट्रॅक्टरवाल्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

तेव्हा माझ्याबरोबर असलेला एक दोस्त आता कागलला असतो. कोल्हापुरात मिलिटरी कॅन्टीनच्या रांगेत भेट झाली की आजही तो मला सांगतो, "आधी टॉवरला विचारायला पाहिजे होतंस, हुकूम तो हुकूम." आमचं यावरून कधीच जुळलेलं नाही.

आता तुमचा जीपीएस. यंत्रं सगळी असतात आणि बहुतेक वेळा बरोबरच दाखवतात. पण हवा स्वच्छ असली की पायलट 'पट्टी दिसली' असं टॉवरला कळवतो, त्याला डोळ्यानं बघून उतरायची परवानगी मिळते आणि तिथून पुढं नजर काचेबाहेर जाते. मनात पट्टी जिथं असायला हवी, तिथं एक पट्टी दिसते, दिशाही जुळते. मग कोपऱ्यातली सुई काहीतरी वेगळं सांगत असली तरी मन तिला वेड्यात काढतं. थकवा आणि रात्र यांनी भर पडते, पण ताजातवाना, निर्व्यसनी माणूसही यात सापडतो.

आपल्या मुंबईचंच बघा. जुहू आणि सांताक्रूझ अगदी शेजारी, दोन्हीकडे पूर्व-पश्चिम पट्टी. 24 सप्टेंबर 1972 ला जपान एअरलाइन्सचं डीसी-8 सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं. पट्टी आखूड पडली, विमान पुढं खड्ड्यात गेलं. जीव कुणाचा गेला नाही, विमान मात्र कायमचं निकामी झालं. लंडनला 1960 साली पॅन अ‍ॅमचं बोइंग 707 हीथ्रोऐवजी जवळच्याच नॉर्थोल्टच्या हवाई तळावर उतरलं होतं. तिथं पुढं पायलटांना वरून ओळखू यावं म्हणून दोन गॅसच्या टाक्यांवर मोठी अक्षरं रंगवली, एकीवर हीथ्रोची, दुसरीवर नॉर्थोल्टची.

आणि हे जुन्या काळातलंच आहे असं समजू नका. 12 जानेवारी 2014 ला अमेरिकेत साउथवेस्टचं बोइंग 737 ब्रॅन्सन विमानतळाऐवजी जवळच्या छोट्या विमानतळावर उतरलं. ठरलेली पट्टी 7,140 फुटांची, उतरले ती 3,738 फुटांची. करकचून ब्रेक मारले म्हणून टोकाच्या थोडं आधी थांबलं. पुढच्या केबिनमध्ये दोन पायलट आणि जादा सीटवर कंपनीचा डिस्पॅचर (जमिनीवरून उड्डाणाचं नियोजन करणारा), असे तिघं होते. तिघंही जाणकार. चाकं टेकेपर्यंत एकाच्याही तोंडून 'थांबा' निघालं नाही. नंतर अमेरिकेच्या चौकशी मंडळानं काय सुचवलं? वाटेत फसवणारं दुसरं विमानतळ असेल, तर ते मागं पडेपर्यंत टॉवरनं उतरायची परवानगीच देऊ नये. म्हणजे जमिनीवरच्या माणसानं आपणहून लक्ष घालायचं. मी दुसरं काय केलं होतं?

म्हणून तुमच्या घरातलं कुणी पायलट व्हायला निघालं असेल, तर दोन गोष्टी सांगा. पट्टी लख्ख दिसत असली तरी आयएलएस (पट्टीची नेमकी रेषा रेडिओनं दाखवणारं यंत्र) लावून ठेवायचं, आणि ते आणि डोळे जुळले नाहीत तर वर जायचं. आणि कॅप्टन कितीही सीनियर असो, शंका आली की मोठ्यानं बोलायचं. "सर, तुम्हाला काय वाटतं?" असलं गुळमुळीत नाही.

हेही सांगतो, मी स्वतः विमान चालवलेलं नाही, आणि पायलटची चूक ही चूकच असते, तिची चौकशी व्हायलाच पाहिजे. पिऊन आलेला पायलट हा वेगळा विषय आहे, त्याला माझ्याकडून माफी नाही. प्रवाशांचं पुढं काय होतं असंही तुम्ही विचारलंय. बहुतेक वेळा बसनं ठरलेल्या ठिकाणी पोचवतात.

आणि कागलकर, हे वाचत असशील तर उत्तर लिही. टेलिफोन उचलायचा, टॉवरनं घ्यायचा, साहेबांना बोलवायचं, साहेबांनी हुकूम द्यायचा. तोवर तो ट्रॅक्टर कुठं असता?