दार-ए-सलाम: तबात्यातलं घर, म्सिम्बाझी नदी आणि पिण्याचं पाणी

कंपनी टांझानियातल्या दार-ए-सलाम शहरात, तबाता भागात घर देतेय, पण जवळची म्सिम्बाझी नदी घाण आहे असं वाचलंय, मग पाण्याचं काय, असं तुम्ही विचारलंय.

नळाला म्सिम्बाझीचं पाणी येत नाही, रुवू नदीचं येतं. तेही उकळूनच प्यायचं. खरी पंचाईत नळ बंद पडला की होते. टँकरवाला बहुधा बोअरचं पाणी आणतो. बोअर कुठली, हे विचारूनच पैसे द्या. नदीकाठच्या उथळ विहिरीचं असेल तर परत पाठवा. गच्चीवरची टाकी (इथे तिला सिमटँक म्हणतात) राहायला जाण्याआधी घासून घ्या. मग १००० लिटर पाण्यात १ लिटर ५ टक्क्यांचं बिनवासाचं ब्लीच घालून रात्रभर ठेवा आणि सगळं ओतून द्या.

म्सिम्बाझी पुगूच्या टेकड्यांतून निघते आणि सेलँडर पुलाखालून समुद्राला मिळते. वाटेत विंगुंगुतीचा कत्तलखाना, सांडपाण्याची तळी, कापड कारखाने. त्यात शहराचा मोठा भाग खड्ड्याच्या संडासांवर. मसिका पावसात, म्हणजे मार्च ते मे, काही जण खड्डा फोडून मैला पुरात सोडतात. स्वाहिलीत याला ‘कुतापिशा’ म्हणतात, म्हणजे ओकायला लावणं. शब्द अगदी चपखल आहे. त्यामुळे पुराच्या पाण्यातून चालत जाऊ नका, बूट असले तरी.

तबाता सरसकट नाकारू नका, चढावरचा भाग चांगला आहे. घर बघताना कंपाउंडच्या भिंतीवर पुराची रेघ दिसते का ते पाहा. ऑफिस शहरात असेल तर वाटेतला नदीकाठच्या जांगवानीचा रस्ता पुरात बंद होतो, हे धरून चाला.

सगळ्यात जास्त काळजी भाजीची घ्या. इथली ‘म्चिचा’ म्हणजे आपल्या माठाचीच जात. स्वस्त, ताजी, आणि बरीचशी याच नदीच्या पाण्यावर पिकवलेली. तिच्यात शिसं, क्रोमियम सापडलेलं आहे. जंतू शिजवल्यावर मरतात, पण मुळांतून पानात गेलेला धातू धुऊन जात नाही, उकळूनही नाही. मीठ-हळदीच्या पाण्याचा इथे उपयोग शून्य. भाजीवालीला मळा कुठला ते विचारा, किंवा कुंडीत माठ लावा. बी सहज मिळतं.

जाता जाता: १ जून २०१९ पासून टांझानियात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांना बंदी आहे. विमानतळावर काढून घेतात. सामान कापडी पिशव्यांत भरा.